पाचशेची चिठ्ठी आणि तासगावचे बेदाणे

ताई,

मी ठाण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहते ऐरोलीला, तिघींच्या पीजीत. गाव तासगावजवळ. दोन एकर द्राक्षबाग आहे, म्हणजे घरात पैसा येतो तो उन्हाळ्यात. डिसेंबरात फवारण्यांवर नुसता जात असतो. भाडं, डबा आणि पास वजा करून या डिसेंबरात माझ्या हातात ६०० रुपये उरणार आहेत.

आमच्या बारा जणांच्या ग्रुपने 'सीक्रेट सँटा' ठरवलंय, म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी गिफ्ट आणायचं. ५ तारखेला चिठ्ठ्या उचलायच्या, २३ला कॉलेजात गिफ्टं द्यायची. रक्कम प्रत्येकी ५००. त्यात माझी रूममेट वसईची, कॅथलिक. तिने नाताळला घरी बोलावलंय, रात्री चर्चलाही नेणार आहे. रिकाम्या हाताने कशी जाऊ? डबा देणाऱ्या काकूंनाही काहीतरी द्यावंसं वाटतं. मला ताप होता तेव्हा चार दिवस त्यांनी पेज आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत. शिवाय धाकटा भाऊ आठवीत आहे, रील्स बघून बघून त्यालाही 'ख्रिसमस गिफ्ट' हवंय.

मोबाईलवर 'आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात पैसे द्या' असं एक ॲप सारखं दिसतं. ते घेऊ का? घरी मागायचं तर बाबांकडे सध्या बेदाण्याशिवाय काही नाही. ग्रुपमध्ये बोलायला लाज वाटते. कंजूस म्हणतील.

ऐरोलीची एक वाचक

---

अगं मुली,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसले: 'बाबांकडे सध्या बेदाण्याशिवाय काही नाही.' त्याच्यावर येतेच, पण आधी ॲपचा निकाल लावू.

घेऊ नकोस. डिसेंबरात तुझ्याकडे नसलेले पाचशे रुपये जानेवारीत कुठून येणार आहेत? जानेवारीतही भाडं आहे, डबा आहे आणि बाग अजून उतरलेली नसणार. असल्या उधारीत तारीख चुकली की दंड लागतो, आणि थकबाकीची नोंद तुझ्या नावावर क्रेडिट स्कोअरला जाते. तू कॉमर्सची आहेस, उद्या पुढच्या शिक्षणासाठी बँकेत कर्ज मागायला गेलीस की समोरचा माणूस पहिल्यांदा तोच आकडा उघडतो. एका कॉफी मगसाठी एवढं?

आता ग्रुपचं. चिठ्ठ्या ५ तारखेला आहेत, म्हणजे तुझ्या हातात अजून वेळ आहे, आणि या पत्रातली सगळ्यात मोठी बचत तिथेच आहे. कुठल्याही दुकानात घासाघीस करून पाचशेचे दीडशे होत नाहीत. ग्रुपवर एक मेसेज टाकून होतात. चिठ्ठी उचलल्यावर मात्र तोंड उघडता येणार नाही, कारण मग कोणीतरी आधीच खरेदी केलेली असते. म्हणून आज-उद्याच टाक. फार गोल गोल लिहू नकोस आणि माफीही मागू नकोस. असं काहीतरी:

'सगळ्यांना विचारते. ५०० ऐवजी १५० ठेवूया का? मला ५०० जमणार नाहीत, आणि १५० मध्ये काय शोधून आणायचं यात जास्त मजा येईल. दीडशेच्या वर एक रुपया गेला तर त्याने सगळ्यांना कटिंग पाजायचा.'

'मला जमणार नाहीत' हे तीन शब्द काढून टाकायचा मोह होईल. काढू नकोस. बाराजणांत तू एकटीच अशी असशील यावर माझा काडीचा विश्वास नाही. बाकीचे कोणीतरी दुसरं बोलेल म्हणून गप्प बसलेत एवढंच. आणि समजा नाहीच ऐकलं, तर 'या वर्षी मी चिठ्ठीत नाही, पण २३ला खाऊ घेऊन येते' म्हणून मोकळी हो आणि खरंच घेऊन जा. खाऊ घेऊन आलेल्या मुलीला कोणी कंजूस म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

दीडशेवर एकमत झालं असं धरून चालू. हातात नाव आल्यावर लगेच दुकान गाठू नकोस. आठवडाभर त्या माणसाकडे नुसतं बघ. बॅग कशी उघडतो, पेन कुणाकडे मागतो, डबा खाताना काय कुरकुर करतो. प्रत्येकाची रोजची एखादी बारीकशी अडचण असते, आणि ती तो महिनोन्‌महिने तशीच ढकलत असतो. माझ्या भाचीच्या मैत्रिणीच्या सॅकची चेन अर्ध्यात अडकायची. सहा महिने ती पोरगी सॅक पोटाशी धरून लोकलमध्ये चढत होती. भाचीने वाढदिवसाला काय केलं, तर सॅक एक दिवस मागून घेतली, स्टेशनबाहेरच्या बॅग दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने चिमट्याने जुना रनर काढला, नवा सरकवला, दोन्ही टोकांना टाका घातला आणि चेनवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवून दिला. सगळे मिळून चाळीस रुपये. उरलेल्या पैशांतून आत एक छोटं चॉकलेट ठेवलं. ती मैत्रीण चेन उघड-बंद करत बसली म्हणे, पाच मिनिटं. आणि मेणबत्तीचं लक्षात ठेव, घरच्या घरी कुठल्याही अडकणाऱ्या चेनला चालतं.

अशी नजर एकदा बसली की दीडशे पुरून उरतात. जो कायम एकाच प्रकारच्या पेनाने लिहितो त्याला त्याच पेनाच्या रिफिलचं अख्खं पाकीट. लेक्चर बुडवणाऱ्याला मागच्या पाच वर्षांचे युनिव्हर्सिटीचे पेपर, पाठपोट झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग आणि वर त्याचं नाव. चहाबाज असेल तर मला सुचलेली सगळ्यात लाडकी कल्पना देते: कॅन्टीनच्या काकांना दहा कटिंगचे पैसे आगाऊ देऊन ठेव, पुठ्ठ्याचं एक कार्ड कर, त्यावर दहा चौकोन काढ, काकांची सही घे. प्रत्येक चहाला एक चौकोन खोडायचा. जानेवारीभर तो माणूस तुझ्या पैशाने चहा पितो आणि प्रत्येक वेळी त्याला कळतं की कुणाच्या. छत्रीच्या काड्या मोडल्या असतील तर डिसेंबरात छत्रीवाला मोकळा बसलेला असतो, पटकन आणि स्वस्तात करून देतो. जूनमध्ये तोच उभं करत नाही.

घरी मनी प्लांट असलेल्या कोणाला विचारून (विचारून!) दोन फांद्या आणता आल्या तर तेही छान. पानाच्या देठाशी जी गाठ असते, पेर, तिच्या खाली कापायचं, कारण मुळं त्या पेरातून फुटतात. पेर पाण्यात बुडेल अशी काचेच्या बाटलीत ठेव, तीन-चार दिवसांनी पाणी बदल. मुळं दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून २३ला द्यायचं तर याच रविवारी काप. नर्सऱ्यांत लाल पानांचं पॉइन्सेटिया दिसेल, त्याच्या नादी लागू नकोस. ते लाल असतं ते फूल नसून पान असतं, आणि लाल होण्यासाठी त्याला लांबलचक अंधाऱ्या रात्री लागतात. पीजीत रात्री एकपर्यंत ट्यूबलाइट चालू. शंभरावर रुपये देऊन जानेवारीत नुसत्या काड्या उरतील.

'मी तुझ्या असाइनमेंट लिहून देईन' अशी कुपनं मात्र वाटत सुटू नकोस. इंटरनेटवर फार सुचवतात. पैसे वाचतात आणि फेब्रुवारीत रडायची वेळ येते.

आणि क्रॉफर्ड मार्केट. कोणीतरी तुला नक्की सांगणार, 'अगं तिकडे सगळं होलसेल मिळतं.' मिळतं. पण ठाण्याहून तिकिटाचे जाऊन-येऊन तीस, अख्खा दिवस, वडापाव, लिंबू सरबत, आणि होलसेलवाला एक नग देत नाही, डझन घ्यावा लागतो. बाराजणांचं सामान एकत्र आणायचं असेल तर एकाने जावं. एकटीच्या तीन वस्तूंसाठी ठाण्यातला जांभळी नाक्याचा बाजार पुष्कळ झाला. रंगीत कागद, सुतळी, बरण्या, सुकामेवा, सगळं एका फेरीत होतं. गोखले रोड आणि राम मारुती रोडला फक्त चालायला जा. ती दुकानं सहाशेवाल्यांची नाहीत.

गिफ्ट शॉपमध्ये तर पाऊलच टाकू नकोस. मी टाकलं होतं. १९८३ साली, तुझ्याच वयाची असताना. तलावपाळीजवळ, सेंट जॉन चर्चच्या बाजूला माझी एक मैत्रीण राहायची, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक असतात ना, त्यांच्यातली. तिच्या घरच्या पहिल्या नाताळला जाताना मला तुझ्यासारखीच धडकी भरली. एका दुकानातून उधारीवर काचेच्या घुमटातली कागदी फुलं आणली. पस्तीस रुपयांची. फेडता फेडता होळी आली. दुकानदार मला रस्त्यात दिसला की मी फुटपाथ बदलायचे.

त्यांच्या घरी पोचले तर जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली आणि बायका-पोरं गोल करून बसलेली. कलकल चालू होते, म्हणजे नाताळचा एक गोड खाऊ. तुला वसईला दिसतीलच: मैदा, थोडा रवा, साखर, अंडं, नारळाचं दूध यांचं पीठ, आपल्या शंकरपाळ्याच्या पिठाचं भावंडच म्हण. त्याची करवंदाएवढी गोळी घ्यायची, काटा-चमच्यातल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने चेपायची आणि तशीच गुंडाळत उचलायची. शिंपल्यासारखा आकार येतो, वर काट्याच्या रेघा. शेवटचं टोक नीट दाबलं नाही तर तेलात गेल्यावर गुंडाळी उलगडते. माझ्या पहिल्या घाण्यातल्या सगळ्या उलगडल्या. तिच्या आजीने त्या वेगळ्या डब्यात भरल्या आणि आल्या-गेल्याला 'ह्या आमच्या पाहुणीच्या' म्हणून हसत वाढल्या. पाच वाजेपर्यंत मला जमायला लागलं.

तो काचेचा घुमट बारा वर्षांनी, ती मैत्रीण घर बदलत होती तेव्हा, माळ्यावरून खोक्यासकट निघाला. उघडलेला नव्हता. उलगडलेल्या कलकलांबद्दल ती अजून फोनवर चिडवते.

आता तुझे बेदाणे.

तू ते वाक्य नाइलाजाने लिहिलंस. मी वाचलं आणि मला वसईचं स्वयंपाकघर दिसलं. नाताळच्या केकमध्ये काय जातं? बेदाणे, मनुका, काजू, संत्र्याच्या साली. आणि ते सगळं आधी भिजत घालतात. कुणी रममध्ये, कुणी संत्र्याच्या रसात. रममधलं तीन-चार आठवडे आधी बरणीत पडतं, रसातलं चार-सहा दिवस फ्रिजमध्ये. म्हणजे २४ला संध्याकाळी हातात पिशवी घेऊन गेलीस तर उशीर झालेला असेल. तुझे बेदाणे या आठवड्यात रूममेटबरोबर पुढे जायला हवेत. शनिवारी ती घरी जाते का विचार. तिच्या आईने बरणी भरायच्या आत अर्धा किलो पोचले, तर तू नाताळला त्यांच्या दारात उभी राहशील तेव्हा तुझी भेट केकच्या प्रत्येक तुकड्यात असेल. ओव्हनमधून आधीच बाहेर आलेली.

घरी फोन कर. गावाकडून सांगलीची ट्रॅव्हल्स रात्री निघते ती सकाळी ठाण्यात असते, कोणी ना कोणी येणारा असतोच. एक किलो मागव, अर्धा वसईला, उरलेल्याचं पुढे सांगते. हिरवे लांबट दिसायला देखणे असतात, पण केकला काळेही उत्तम, त्यामुळे बाबांना विकायचा चांगला माल त्यातून काढायला लावू नकोस. आईला म्हणावं, जुन्या सुती साडीची एक पिशवी शिवून त्यात भरून दे, तोंडाला नाडी. प्लॅस्टिकच्या पिशवीतले बेदाणे किराणा वाटतात. त्या पिशवीतले कोणाच्या तरी शेतातले वाटतात.

आणि त्यात एक चिठ्ठी टाक. 'मेरी ख्रिसमस' वगैरे शेवटी एका ओळीत. वर लिही ते तुझ्या घरचं. घड कोणत्या महिन्यात उतरले, डिपिंगच्या द्रावणात बुडवून शेडच्या जाळीवर किती दिवस सुकले, अवकाळी पाऊस आला तेव्हा ताडपत्र्या ओढायला कोण कोण धावलं, देठ काढून निवडायला आई आणि कोण बसलं होतं. हे मी तुला शिकवायला नको, तुझ्या हाताला तो चिकटपणा माहीत असेल. वसईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या केळी, भाजी, फुलं पिकवणारी. त्यांना ताडपत्रीची धावपळ समजावून सांगावी लागणार नाही. ही चिठ्ठी विकतच्या ग्रीटिंगपेक्षा जास्त वेळा वाचली जाईल, लिहून देते.

केक मात्र तू नेऊ नकोस. नाताळात कॅथलिकांच्या घरी केक नेणं म्हणजे दिवाळीत आपल्याकडे चकल्या आणण्यासारखं आहे.

उरलेले अर्धा किलो बेदाणे. ते पाव-पाव कर. एक पाव काकूंना. पण काकूंसाठी मला त्याहून चांगलं काहीतरी सुचतंय, कारण तू कॉमर्सची आहेस. डब्याच्या धंद्यात सगळ्यात मोठी कटकट कशाची असते? खाड्यांची. कोण शनिवारी गावी गेलं, कुणाचा रात्रीचा डबा बंद होता, कुणी दोन दिवस जास्तीचा घेतला. काकू हे बहुतेक कॅलेंडरच्या मागे किंवा डोक्यात ठेवत असणार आणि महिनाअखेरीला प्रत्येक मुलीशी वाद. तू एक तक्ता करून दे. डावीकडे मुलींची नावं, वर १ ते ३१ तारखा, प्रत्येक चौकोनाचे दोन भाग, सकाळ आणि रात्र. खाडा झाला की फुली. शेवटच्या रकान्यात एकूण डबे, दर, रक्कम. एका मोठ्या कागदावर प्रिंट, त्याला लॅमिनेशन, सोबत पुसता येईल असा एक मार्कर. दर महिन्याला पुसायचा आणि पुन्हा भरायचा. मार्करसकट शंभराच्या आत होतं. द्यायच्या आधी काकू कशा लिहितात ते एकदा बघून घे, त्यांची पद्धत मोडू नकोस. नावं त्या ज्या नावाने हाक मारतात तीच घाल, 'खिडकीवाली' तर खिडकीवाली.

पेज दिलेल्या बाईला यातलं काही पुरेसं आहे असं मी म्हणत नाहीये. पण साडी घ्यायला तुझ्याकडे पैसे नाहीत आणि तुझ्या पैशांची साडी त्या घेणारही नाहीत.

भावाचं सोपं आहे. आठवीतला मुलगा, गिफ्ट म्हणजे खोकं उघडणं एवढंच त्याला हवं असतं, आणि खोक्याऐवजी रोज काहीतरी येत राहिलं तर आणखी मजा. पोस्टात जा आणि नऊ साधी पोस्टकार्डं घे. पन्नास पैशाला एक, एकूण साडेचार रुपये. ठाणे ते वाशी मार्गावर नऊ स्टेशनं आहेत: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. एका कार्डावर एक स्टेशन. ठाण्याच्या कार्डावर लिही की देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघाली ती इथे येऊन थांबली. दिघा गावाच्या कार्डावर, की हे सगळ्यात धाकटं, २०२४ साली उघडलेलं. ऐरोलीच्या कार्डावर फ्लेमिंगो काढ, खाडीत ते याच दिवसांत उतरायला लागतात. तुर्भ्याच्या कार्डावर बाजार समिती, जिथे गाडीभर सुकामेवा येतो, कदाचित बाबांचाही. सानपाड्याला लोकल रात्री झोपायला जातात ती कारशेड. रबाळे, घणसोलीला काय काढायचं ते तुझं तू बघ, मलाही प्रश्नच आहे. वाशीच्या कार्डावर लिही की दहावीनंतर तुला या सगळ्या स्टेशनांवरून फिरवून आणीन. हे वचन पाळायला फार खर्च नाही. १० तारखेपासून एकेक टाकत जा. साध्या टपालाचा भरवसा नसतो, दोन कार्डं एकाच दिवशी पडतील, एखादं मागचं पुढे होईल. त्याला क्रम लावायला लागू दे.

बांधायला गिफ्ट पेपर विकत घेऊ नकोस. शाळेच्या वह्यांना घालायचो तो खाकी कागद, सुतळी, आणि गाठीत एखादं हिरवं पान. संक्रांत जवळ आल्याने पतंगाचे कागद सगळीकडे मिळू लागतात, लाल-हिरवा एकेक ताव घेतलास तरी पुरे.

चर्चचं तू विचारलं नाहीस, पण पत्रात ओझरतं आलंय आणि पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच, म्हणून सांगते. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, बाकीचे उभे राहिले की उभी राहा, बसले की बस. गुडघे टेकले तर तू शांत बसून राहिलीस तरी चालतं. शेवटाकडे लोक ओळीने पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतात. तो त्यांच्यात दीक्षा झालेल्यांसाठी असतो, तेव्हा तू जागेवरच थांब, कोणी वाईट मानत नाही. वसईला बऱ्याच ठिकाणी मिस्सा मराठीत असते, गाणी कळतील. ओढणी किंवा शाल जवळ ठेव, रात्री तिकडे बऱ्यापैकी गार असतं. गव्हाणीचा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा पाहायला सगळं गाव फिरतं, तेव्हा आरामाच्या चपला घाल.

सकाळी कलकल, नेवऱ्या असं सगळं ताटात येईल. नेवरी चावलीस की हसशील, आपली करंजीच आहे ती. करायला बसवलं तर बस, टोक नीट दाब.

निघताना तिची आई एक डबा भरून हातात देईल, 'नको नको' म्हणत फार ताणू नकोस, घे. पीजीवर आल्यावर खाऊन झाला की धुऊन कपाटात वर ठेव. रिकामा परत करायचा नसतो हे तुझ्या आईने सांगितलं असेलच. तो उरलेला पाव किलोही त्याच्या शेजारीच ठेव. जानेवारीत संक्रांत आहे, तिळगूळ घाल, वर मूठभर बेदाणे, आणि रूममेटबरोबर पाठवून दे.